माझा थेंब तरंगला

माईकवरून माझं नाव पुकारून झालं होतं, हीच खरी गोची. "आजचे पहिले रक्तदाते, आपले गुरुजी!" तुकडोजी महाराजांच्या ग्रामजयंतीचं शिबिर, ग्रामपंचायतीचा हॉल, एप्रिलचं ऊन. मास्क लावलेल्या पोरीनं बोट टोचलं, पिळून पिळून थेंब काढला आणि बाटलीतल्या निळ्या पाण्यात सोडला. थेंब थोडा खाली गेला, थबकला आणि निवांत वर आला.

"सर, तुमचं रक्त तरंगतंय."

माईक चालूच होता.

आता वरुडकडच्या संत्र्याच्या गावात निळं पाणी कोणाला सांगायला नको. मोरचूदच ते, म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेतला जडपणा, १.०५३ ठेवतात. थेंबाभोवती तांबं आणि प्रथिनाचा पातळ पापुद्रा धरतो, म्हणून तो लगेच विरघळत नाही. पंधरा सेकंदांत बुडाला तर थेंब जड, म्हणजे हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, म्हणजे पास. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघालेली ही स्वस्तातली युक्ती. मला आकडा मिळाला नाही, फक्त नापास मिळालं.

तेवढ्यात गर्दीतून आमचे संत्रावाले काकाजी पुढे झाले. एका हातात सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी, दुसरा हात थेट बाटलीवर.

"पोरी, हे मोरचूद हाय न व?"

"हो काका. हात लावू नका."

"चुना किती टाकला?"

"चुना नसतो यात."

काकाजींनी हॉलभर नजर फिरवली. "घ्या! चुनाच नाही. अवो, शंभर लिटर पाण्याले एक किलो मोरचूद न् एक किलो चुना. चाळीस वर्सं झाले, संत्र्याच्या डिंक्या रोगावर मारून राह्यलो मी. चुना कमी पडला तं पानं जळते. इथं तं मास्तरचं रगत जळलं."

"काका, ते फवारणीचं. हे वेगळं."

"वेगळं कसं? विळा बुडवून पाह्यला का? विळ्यावर तांबं चढलं तं समजाचं का द्रावण कच्चं हाय." आणि खरंच एकजण विळा आणायला निघाला. सरपंचांनी त्याला दारात अडवलं. बिचारी पोरगी सांगत होती की बाटलीतलं पाणी पंचवीसेक थेंबांनंतर बदलावं लागतं आणि आज तर हा पहिलाच थेंब. काकाजींनी तेवढंच उचललं. "म्हंजे पाणी ताजं हाय. मंग मास्तरच पातळ हाय."

हॉल हसला. माझ्या सातवीतली पोट्टी खिडकीत बसून हसत होती, त्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत.

मग मशीन काढलं. इवलीशी चकती, तिच्यात रक्त, मिनिटभरात आकडा: १२.१. मी म्हटलं, बोट पिळलंत, रक्तात अंगातलं पाणी मिसळलं, आकडा पडणारच. पहिला थेंब पुसायचा, बोट दाबायचं नाही, हे मीही वाचलं होतं. दुसऱ्या हाताचं बोट, न पिळता: १२.९. मी विजयानं सरपंचांकडे पाहिलं. डॉक्टर आले, त्यांनी माझी खालची पापणी ओढली आणि म्हणाले, "दिसायला तर ठीक आहे." पापणीचा तर काही भरवसाच नाही. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी २०१० साली छापलेल्या अभ्यासात दोन डॉक्टरांचं पापणीवर एकमत होणंच मुश्कील होतं. पण माझ्या फॉर्मवर फुली आधीच पडली होती. फुली पुसायची सोय कुठल्याच पद्धतीत नाही.

पूर्वी हिमोग्लोबिन मोजायला निदान साहलीची नळी होती. आम्लात रक्त टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत तपकिरी काचेशी रंग जुळवायचा. खिडकीत धरून. आभाळ आलं की गावाचं हिमोग्लोबिन बदलायचं. पण ते आत, दवाखान्यात. माईकवर नाही.

घरी आलो तर बातमी आधीच पोचलेली. शेजारून बीट आलं, समोरून गूळ-शेंगदाणे आले, एका काकूनं लोखंडी कढई आणून दिली, वापरून परत द्या म्हणून. मी चिडून बायकोला सगळं सांगितलं: १२.१ काय, १२.९ काय, तरंगणं काय. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "माह्या कार्डावर दोन वर्सं नऊ हाय. कोणी कढई नाही आणली."

खरंच आहे. १५ ते ४९ वयाच्या देशातल्या बायांत ५७ टक्के रक्तक्षयाच्या, पुरुषांत २५ टक्के, हे २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतले आकडे. बायांना दरवेळी टोचतात, नऊ लिहितात, लाल गोळ्यांची पट्टी देतात आणि हिरव्या भाज्या खा म्हणतात. इकडं मे महिन्यात विहिरीला पाणी नाही, पालक काय खडकावर उगवतो? त्या नऊवर अख्खं गाव गप्प, आणि माझ्या एका थेंबापायी ग्रामपंचायत भरली. मी बायकोला तालुक्याला घेऊन गेलो. शिरेतलं रक्त, मोठं मशीन, छापील रिपोर्ट. तिचं ८.८. माझं १३.४, तेही काढून घेतलं, कारण मला चैन पडत नव्हती.

तिच्या गोळ्या बदलल्या, पोट दुखतं म्हणून तिनं चार दिवसांत सोडल्या, त्यावरून आमचं रोज भांडण चालू आहे.

माझा रिपोर्ट मी पारावर नेला. काकाजींनी चष्मा लावून उलटसुलट पाहिला, शिक्का चोळून पाहिला.

"तेरा पॉइंट चार. बरं. पन थेंब बुडाला का?"

"काकाजी, यात थेंब नसतो. मशीन मोजते."

"म्हंजे कोणं पाह्यलाच नाही," म्हणाले, आणि खर्रा घोटायला लागले.