शंभर मीटर म्हणजे किती?

रविवारी टिळक रोडच्या कट्ट्यावर वाद पेटला तो मिल्यामुळे. 1971 च्या युद्धात परमवीर मिळालेल्या अरुण खेत्रपालांवरचा सिनेमा त्याने अखेर बघितला होता आणि पहिला कटिंग संपायच्या आत निकाल देऊन मोकळा झाला, "लढाई कमी, बापच जास्त. तिकिटाचे अर्धेच वसूल."

"बाप धर्मेंद्र आहे. जपून बोल," बंड्या म्हणाला. धर्मेंद्रचा शेवटचा सिनेमा, त्यामुळे तो काही ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता.

मिल्याचं म्हणणं असं, की 21 वर्षांचा पोरगा, 1971 चं युद्ध, बसंतर नदीकाठचे सुरुंग, रणगाड्यांची समोरासमोर जुंपलेली. हे सगळं हाताशी असताना तीस वर्षांनी म्हातारा पाकिस्तानात जाऊन पाहुणचार घेतो ते कशाला? तेही ज्याने पोराला मारलं त्याच्याकडे?

"अरे पण ते घडलंय," सुजाता म्हणाली. 2001 मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर खेत्रपाल, वयाच्या 81 व्या वर्षी आपलं जुनं गाव, सरगोधा, बघायला गेले. लाहोरला ज्यांच्याकडे उतरले त्या ब्रिगेडियर नासरनीच त्यांना सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. "कुणी मनाने लिहिलं असतं तर तूच म्हणाला असतास, काहीही दाखवतात."

मिल्या गप्प झाला नाही, फक्त दुसरा चहा मागवला.

बंड्याने मध्येच खेत्रपालांना पुणेकर करून टाकलं. जन्म पुण्यातला, शिक्षण एनडीएचं, तिथल्या परेड ग्राउंडलाही त्यांचंच नाव. रेजिमेंट पूना हॉर्स. "आणि ऐन लढाईत साहेबाने मागे ये म्हटल्यावर तोंडावर नाही म्हणाला. अजून काय पुरावा पाहिजे?"

हसलो सगळे. पण रव्याने तेवढंच धरलं. "म्हणजे आज्ञा मोडलीच ना? मग त्याला परमवीर कसं?"

इथे काकांनी पेपर खाली ठेवला. काका नगरच्या आर्मर्ड कोअर, म्हणजे रणगाडा दलाच्या, सेंटरला होते. कुणी सुभेदार म्हटलं की "रिसालदार!" म्हणून दुरुस्ती करतात. घोडे गेले, रणगाडे आले, हुद्दे घोडदळाचेच राहिले. (पूना हॉर्स मुळात 1817 सालचं, पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजांनी उभारलेलं, आणि वर्षाच्या आत पेशव्यांवरच उलटलेलं. हा विषय कट्ट्यावर काढायचा नाही. दुपार होते.)

"मागे येऊन जाणार कुठे?" काका म्हणाले. नदीपलीकडे आपलं पायदळ पाय रोवून बसलेलं. समोरून पाकिस्तानी रणगाडे. अडवायला आपले तीन. एक पेटला, दुसऱ्याची तोफ अडकली, राहिला हा, आणि ह्यालाही गोळा लागलेला. "त्याने उलट उत्तर नाही दिलं, रिपोर्ट दिला. माझी गन चालू आहे. गन चालू आहे तोवर तो रणगाडा. बंद पडली की पन्नास टन लोखंड."

"पण आत चौघं असतात," रव्या म्हणाला. "बाकीच्या तिघांना विचारलं का कुणी?"

"विचारत नाहीत," काका म्हणाले. थोडं थांबून, "गनर नथ्थूसिंग वाचला."

मला स्वतःला सगळ्यात लागलं ते भलतंच. पोरगा नगरला कोर्स करत होता. तिथून युद्धावर निघाला आणि सामानात गोल्फच्या काठ्या घेतल्या, लाहोरला खेळू म्हणून. जूनमध्ये कमिशन मिळून अधिकारी झाला, 16 डिसेंबरला गेला. त्याच दिवशी तिकडे ढाक्यात शरणागती, दुसऱ्या दिवशी इकडे युद्धबंदी. त्या काठ्यांपुढे मला ना मिल्याचं पटत होतं, ना सुजाताचं.

"तरी पण, लढाई अजून दाखवायला हवी होती," मिल्या पुटपुटला.

"काय दाखवणार?" काका उठले. "परमवीरच्या मानपत्रात लिहिलंय, त्याने शेवटचा रणगाडा टिपला तो जेमतेम शंभर मीटरवर. शंभर मीटर म्हणजे किती, माहितीये?" त्यांनी रस्त्यापलीकडे बोट केलं. "इथून तो मेडिकलचा बोर्ड."

आम्ही सगळे तिकडे बघायला लागलो. बोर्डावरचा फोन नंबरसुद्धा वाचता येत होता. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि एक पीएमटी मध्ये येऊन उभी राहिली.