'सेट' आणि आपलं बसणं

वाद पेटला तो दाद्याच्या फोनमुळे. दाद्या बांधकामाचा ठेकेदार. साइटवरच्या पोराला दम भरत होता, "सेट झालाय म्हणून स्लॅबवर विटा रचू नकोस रे, पाणी मारत राहा!"

पम्या म्हणाला, "सेट झालाय ना? मग भीती कसली?"

"सेट होणं वेगळं, ताकद येणं वेगळं. सिमेंट अर्ध्या तासाच्या आत आवळायला लागता कामा नये आणि दहा तासांत पुरतं सेट व्हायला हवं, असा नियम आहे. ताकद मोजतात ती 28 दिवसांनी."

"म्हणजे तुमचा सेट कच्चाच! दही सेट, केस सेट, टेनिसचा सेट, शूटिंगचा सेट, कपबशांचा सेट, दुबईत पोरगा सेट. इंग्रजांकडे शब्दांचा दुष्काळ होता की काय?"

सर आयुष्यभर इंग्रजी शिकवलेले. त्यांना हे लागलं. "दुष्काळ नव्हे रे. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या 1989 च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे 430 अर्थ आहेत, मजकूर साठ हजार शब्दांच्या घरातला. पुढे 'रन'ने त्यालाही मागे टाकलं, 645. आणि कपबशांचा सेट मुळात निराळाच, तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. क्रियापदाचा सेट 'सिट'चा सख्खा भाऊ. सेट म्हणजे बसवणं. संस्कृतातला 'सद्' धातू त्याच कुळातला. सदन, परिषद, उपनिषद."

बसवणं म्हटल्यावर मला राहवेना. अहो, मग आपलं 'बसणं' काय कमी आहे? घसा बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो, गणपती बसतात, हिशेबाचा मेळ बसत नाही, अर्ज नियमात बसत नाही. धंद्यात जम बसला की घरात पेढे येतात आणि धंदाच बसला की कर्ज होतं. क्रियापद तेच, एका 'जम'ने अख्खं नशीब फिरवलं. याला दुष्काळ म्हणायचं?

पम्या हटेना. "आपल्याला ते जन्मापासून कानावर पडतं. परक्याने काय करायचं?"

हे मात्र खरं आहे, आणि मला तेच बोचतं. माझी पुतणी सातवीत आहे. तिच्या वहीत 'सेट = संच' एवढीच ओळ, खाली लाल पेनाने बरोबरची खूण. परवा धड्यात सूर्य 'सेट' होताना आला आणि पोरगी अडली. सूर्याचा संच कसा होणार? एका शब्दापुढे एक अर्थ पाठ करून घ्यायचा, हा त्या लेकरांवर अन्याय आहे. त्यांना वाक्यं द्या, भरपूर द्या, शब्द कुणाच्या शेजारी बसलाय ते त्यांना दिसू द्या.

सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या वही घेऊन पाठव तिला इथे." स्लॅबचं वाक्य दाद्या देणार आहे. दह्याचं पम्याने कबूल केलंय.