साहेबांचे दात मोजू नयेत

बैल घ्यायला निघाला असाल तर तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात मी आमच्या मामांना पाहिलंय. समोर देवणीचं उमदं जनावर, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ, व्यापाऱ्याच्या तोंडाला कौतुकाचा पट्टा लागलेला, आणि मामांचं सगळं लक्ष बैलाच्या जबड्याकडं. खालचा ओठ ओढायचा आणि दात मोजायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, की सगळे दात येऊन जुळलेला, म्हणजे वय झालेला? मग खूर बघायचे, भोवरा कुठं आहे ते बघायचं, आणि शेवटी जुंपून चार चकरा मारायला लावायच्या, कारण उभा बैल सगळाच चांगला असतो. पेरणीच्या दिवशी बसका निघाला तर? एवढं झाल्यावर रुमालाखाली बोटं दाबून भाव. व्यापाऱ्याला यात कधी अपमान वाटलेला मी पाहिला नाही. उलट दात न बघता पैसे काढणारं गिऱ्हाईक आलं की तो पैशावरच संशय घेतो.

हे सगळं शहाणपण मात्र बाजारातच ठेवून यायचं. देश चालवायला जो बसलाय त्याला तो चालवता येतो का, हा प्रश्न सभ्य माणसानं विचारायचा नसतो. तरी तो पडतो. डीएपी खताच्या एका पोत्यासाठी रांगेत उभं राहिल्यावर पडतो, आडतीवर विकलेल्या मालाच्या हिशेबाची पट्टी हातात आली की पडतो. पडलाच तर काय करावं, एवढंच इथं सांगायचं आहे.

आधी कायदा बघून घ्या, मन शांत होईल. खासदार व्हायला माणूस भारताचा नागरिक असावा, लोकसभेसाठी वय २५ आणि राज्यसभेसाठी ३० पूर्ण असावं, लाभाचं पद नसावं, दिवाळखोर नसावा, आणि वेडा असल्याचं कोर्टानं जाहीर केलेलं नसावं. ‘कोर्टानं जाहीर केलेलं’ हे शब्द नीट वाचा. नुसतं गावाला वाटून भागत नाही. पंतप्रधानाला याहून वेगळी परीक्षा नाही. लोकसभेचा विश्वास असला की झालं. संपला पात्रतेचा विषय.

आता गावात या. सरपंच व्हायचं तर घरी संडास पाहिजे, आणि तो वापरतो असा दाखलाही पाहिजे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर बाद. जन्म १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास पाहिजे. म्हणजे पाणंद रस्त्यावर मुरूम टाकायला सातवी लागते. सैन्य, नोटा आणि परराष्ट्र धोरण यांना ती लागत नाही. यात विसंगती शोधत बसू नका. मुरूम हे खरंच अवघड काम आहे, एकदा त्याचं बिल काढून बघा.

पोलीस भरतीसाठी पहाटे चारला डांबरीवर पळणारी पोरं तुम्ही रोज बघता. उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर आणखी ५. टेप लावून मोजतात, अर्ध्या सेंटिमीटरवर पोरगं परत गावाला. दिल्लीच्या खुर्चीसाठी छातीचं माप कायद्यात नाही. ते सभेत इंचात सांगितलं की चालतं. टेप घेऊन कुणी स्टेजवर चढत नाही, तुम्हीही चढू नका. सोयाबीनला तर माणसांपेक्षा कडक परीक्षा. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की माल बाजूला. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली, तेव्हा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि लातूरच्या बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकलं जात होतं. दाण्याच्या पोटात किती पाणी आहे हे ज्यांना दशांशात कळतं, त्यांना बाजारात भाव का नाही हे कळत नाही, असं म्हणण्याचा मोह होईल. आवरा.

पदवीच्या वादात तर पडूच नका. हा सल्ला मात्र मी मनापासून देतोय. के. कामराज लहानपणीच शाळेतून बाहेर पडले आणि १९५४ ते १९६३ मद्रासचे मुख्यमंत्री म्हणून असा कारभार केला, की शाळेतल्या गरिबाच्या लेकरांच्या पोटात दुपारचा घास गेला. उलट शिकलेला राज्यकर्ता बघायचा असेल तर लांब जायला नको. आपल्या दौलताबादचा पाहुणा मुहम्मद तुघलक. फारसी, अरबी, तर्कशास्त्र, वैद्यक, सुंदर हस्ताक्षर, सगळं होतं गड्याकडं. त्यानं १३२७ मध्ये ठरवलं की राजधानी दिल्लीत नको, देवगिरीला पाहिजे. कागदावर विचार वाईट नव्हता. पण दिल्ली ते देवगिरी कागदावर एक वीत असते आणि पायाखाली हजार किलोमीटरच्या वर. त्या काळी आलेला परदेशी प्रवासी इब्न बतूता तर सांगतो की एका आंधळ्याला फरफटत आणलं आणि दौलताबादला त्याचा फक्त पाय पोहोचला. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल, पण तिखटमीठ लावायला आधी काहीतरी शिजलेलं लागतं. पुढं राजधानी परत दिल्लीला गेली. लोकही परत गेले, जे उरले होते ते.

मग चांदी कमी पडली म्हणून त्यानं तांब्या-पितळेची नाणी काढली आणि चांदीच्याच भावानं घ्या म्हणून हुकूम सोडला. लोकांनी घरोघर टाकसाळी घातल्या. योजना फसल्यावर सुलतानानं नाणी मागं घेतली आणि तिजोरीतून त्यांच्या बदल्यात सोनं-चांदी दिली, खोटी आणलेल्यांनाही. तुघलकाबादला तांब्याचे ढीग लागले.

इथं कुणीतरी ८ नोव्हेंबर २०१६ ची आठवण काढेल. त्याला लगेच थांबवा. तुलना अन्यायाची आहे. त्या रात्री आठला भाषण झालं आणि बारापासून पाचशे-हजाराच्या नोटा बाद. १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायची मनाई झाली. आपल्याकडं शेतकऱ्याचं खातं असतं कुठं? रब्बीच्या तोंडावर माणसं जिल्हा बँकेच्या पायरीवर स्वतःच्याच कष्टाच्या नोटा घेऊन बसली होती. तुघलकाच्या तिजोरीनं खोटी नाणी बदलून दिली, आमच्या जिल्हा बँकेला खऱ्या नोटाही बदलू दिल्या नाहीत. साहेबांनी पन्नास दिवस मागितले होते. पुढं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की बाद केलेल्यांपैकी ९९.३ टक्के रक्कम परत आली. त्यावेळी काढलेली दोन हजाराची नोटसुद्धा २०२३ च्या मे महिन्यात मागं घ्यायची ठरली. म्हणून म्हणतो, तुलना अन्यायाची आहे. कुणावर अन्याय होतो ते तुमचं तुम्ही ठरवा.

याच तुघलकाचा एक दात आमच्या बीडजवळ पडला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की तो दात मोठ्या समारंभानं पुरला आणि त्यावर कबर बांधली गेली. दाताची कबर! ती बघायला गेलात तर हात जोडून उभे राहा, कारण राज्यकर्त्याच्या दातांचं काय करायचं असतं हे तिथं दगडात लिहिलंय. ते मोजायचे नसतात. पडले तर त्यांच्यावर बांधकाम करायचं असतं.

एवढं करूनही समोरचा ऐकेना, तर ठरलेली उत्तरं तोंडपाठ ठेवा. ‘दुसरा आहे कोण?’ हे सगळ्यांत भारी. बैलबाजारात मात्र चुकून बोलू नका, नाहीतर लंगडा बैल दावणीला येईल, शेजारचा त्याहून लंगडा होता म्हणून. ‘अठरा अठरा तास राबतात’ हेही चालतं, फक्त औत रानात चाललंय की धुऱ्यावर, हे कुणी विचारू नये. ‘आणीबाणीत काय झालं होतं?’ हे तर हुकमी, आणि खरंही. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बरुआ यांनी इंदिरा म्हणजे भारत, असं सांगून टाकलं होतं. भारताचे दात कोण मोजणार? १९७७ मध्ये रायबरेलीकरांनी इंदिराजींना पाडून ते मोजले, पण त्यांना तेव्हा कुणाचा सल्ला मिळाला नव्हता. यावरून कळेल की माझा सल्ला कुठल्याच एका पक्षाचा नाही. साहेब बदलतील, बाई येतील, सल्ला तोच.

दिल्लीत प्रश्न विचारायची रीतसर सोय आहे, हेही जाता जाता सांगा. लोकसभेत अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास असतो, दिवसाला २० तारांकित, म्हणजे मंत्र्यानं तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न. २०२० च्या पावसाळी अधिवेशनातून तो तासच वगळला होता, साथ होती म्हणून. प्रश्नांमुळं संसर्ग वाढतो, हे आपल्याला तेव्हा कळलं.

आणि मोजायची हौसच असेल तर विचारणाऱ्याचे दात मोजा. तो कुणाचा माणूस? आडनाव काय? मागच्या वेळी कुणाच्या गाडीत बसला होता? देशाबाहेर जायला त्याच्याकडं पासपोर्ट आहे का? नसला तर काढायला सांगा. अशी उलटतपासणी आमच्या गावच्या पारावर पाच मिनिटांत उरकते, तेवढ्यात चहा येतो आणि मूळ प्रश्न कपात बुडतो.

परवा बाजारात मी मामांना मुद्दाम विचारलं, “मामा, तुम्हाला काय वाटतं, साहेबांना जमतंय का हे?”

मामांनी टोपी सरळ केली. “आपल्याला काय कळतंय त्यातलं, भाच्या? मोठ्या लोकायचं काम हाय ते.” मग पुढच्या बैलाच्या जबड्यात अंगठा घातला आणि व्यापाऱ्याकडं वळले. “सहा दाती म्हणलास ना रं? हे तर कवाच जुळलंय.”