सोलो म्हणजे नऊ जण

माझी भाची गाणी स्वतः लिहिते, चाली स्वतः लावते आणि गातेही स्वतःच. याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, कारण हे सगळं ती आपल्या खोलीत दार लावून करायची. मग तिनं मैत्रिणींचा बँड सोडला, स्वतःचा पहिला आल्बम काढला आणि एके दिवशी ताईचा फोन आला.

"ती सोलो टूरवर निघालीय. एकोणीस दिवस, बारा शो. तू तिच्याबरोबर जा."

"अगं, सोलो ना? मग मी कशाला?"

"तुला हिशेब येतो आणि गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. त्यांना असाच माणूस हवाय."

चौतीस वर्षं खतावण्या लिहिल्या, पण माझ्या गुणांची इतकी नेमकी कदर आजवर कुणी केली नव्हती. मी गेलो.

गाडीपाशी माणसं मोजली (सवय!) तर नऊ भरली. ड्रमवाला, गिटारवाला, कीबोर्डवाली, साउंडवाला, लाइटवाली, गाडी चालवणारा, या सगळ्यांवर ओरडणारी टूर मॅनेजर, मी, आणि सगळ्यांच्या शेवटी, गॉगल लावून, सोलो.

हे सोलोचं खूळ मुळात पियानोवादक फ्रान्झ लिस्टचं. त्याच्या आधी मैफल म्हणजे मेळा असे. दोन गायक, एक व्हायोलिनवाला, मधेच पियानो. लिस्टनं १८३९ साली अख्खा कार्यक्रम एकट्यानं वाजवला आणि 'मैफल म्हणजे मीच' असं पत्रात लिहूनही टाकलं. पुढं बायका त्याचे हातमोजे आणि ओढून टाकलेल्या सिगारची थोटकं पळवायला लागल्या. कवी हाइनेनं १८४४ साली या वेडाला 'लिस्टोमेनिया' असं नावच ठेवलं. हे मी गाडीत वाचलं आणि माझ्यातला हिशेबनीस हळहळला. एवढी गिऱ्हाइकी, आणि सगळा माल फुकट गेला!

कारण माझ्याकडे मर्च होतं. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला महिन्याचं नाव वाटलं होतं. मर्च म्हणजे टी-शर्ट, टोप्या, पिशव्या, पोस्टरं. पहिल्या टूरमध्ये तिकिटांचा पैसा हॉल, गाडी आणि माणसं यांतच जिरतो. घरी काही न्यायचं असेल तर ते टी-शर्टातून. त्यातही काही हॉलवाले आपला टक्का कापून घेतात. म्हणजे मंचावर भाची काळीज काढून दाखवत होती, पण टूरचं पोट माझ्या टेबलावर चाललं होतं. हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तिच्या कानात काहीतरी घातलेलं होतं.

निघण्याआधी हॉलवाल्यांना एक यादी धाडतात, तिला रायडर म्हणतात. मंचावर किती प्लग हवेत, किती माइक, कलाकारांना काय काय लागेल, सगळं त्यात. मॅनेजरनं मलाही विचारलं, "मामा, तुमचं काही?" मी म्हटलं, "पाठ असलेली एक खुर्ची." ती हसली. मग मी तिला व्हॅन हेलन या रॉक बँडची गोष्ट सांगितली. त्यांनी १९८२ सालच्या टूरच्या करारात अट घातली होती की एम अँड एमच्या चॉकलेटच्या रंगीत गोळ्या ठेवा, पण त्यातल्या तपकिरी तेवढ्या वेचून काढा. लोकांना वाटलं, माज आलाय. त्यांच्या गायकानं पुढं खुलासा केला की ती युक्ती होती: तपकिरी गोळी दिसली की समजायचं, या लोकांनी करार वाचलेला नाही, आता वजनं, वायरी सगळं आपणच तपासा. "माझी खुर्ची तीच आहे," मी म्हटलं. "ती दिसली नाही, तर प्लग मोजून घ्यायचे."

पहिल्या हॉलवर मला तीन पायांचं स्टूल मिळालं. प्लगही दोन कमी निघाले. माझा शब्द खरा ठरला, पण त्यानं कंबरेला काही फरक पडला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कार्यक्रम रात्री असतो. तो दुपारी दोनलाच सुरू होतो. आधी पेट्या उतरवायच्या. त्यांना फ्लाइट केस म्हणतात, पण त्या उचलायला लागतात मामालाच. मग साउंडचेक. ड्रमवाला एकच ढोल वीस मिनिटं बडवतो, धप्प, धप्प, धप्प, साउंडवाला मान हलवतो आणि म्हणतो, "अजून एकदा." मग भाची माइकशी जाते: "चेक. वन, टू. वन, टू." एकोणीस दिवसांत तिसरा आकडा एकदाही आला नाही. आयुष्यभर बेरजा केलेल्या माणसाच्या जिवाला यानं काय यातना होतात, ते त्या लोकांना कळायचं नाही.

पहिल्या दिवशी तो रिकामा हॉल असा घुमत होता की शब्दच कळेनात. मी काळजीनं विचारलं, तर साउंडवाला शांतपणे म्हणाला, "लोक आले की बरं होईल. लोक आवाज पितात." मला आधी ती कविता वाटली. पण ते शास्त्र निघालं. भिंतीवरून आवाज परततो. माणसांवर आणि त्यांच्या कपड्यांवर आपटला की त्यांतच मुरतो. म्हणजे हॉलच्या दृष्टीनं रसिक म्हणजे तिकीट काढून आलेल्या गाद्या.

त्या रात्री एकतीस गाद्या आल्या. एवढ्यांना तो आवाज संपेना. प्रत्येक ओळ लोकांना एकाच तिकिटात दोनदा ऐकायला मिळाली.

दुसरी अडचण जुनीच आहे. पहिली सोलो टूर म्हणजे गाठीशी एकच आल्बम, त्यात दहा गाणी, सगळी मिळून अडतीस मिनिटं. लोक तर सव्वा तासाच्या तयारीनं आलेले. हे मोठमोठ्यांना चुकलेलं नाही. हॅरी स्टाइल्सनं २०१७ साली पहिली सोलो टूर काढली तेव्हा त्याच्याकडेही दहाच गाण्यांचा एकच आल्बम होता. त्यानं मग आपल्या जुन्या बँडची गाणी घेतली, फ्लीटवुड मॅकचं एक घेतलं, आणि काही रात्री तर स्वतःचं एकच गाणं पुन्हा पुन्हा गायलं. लोक बेभान झाले. भाचीनं हेच केलं, फक्त बेभान व्हायला माणसं कमी होती. उरलेला वेळ ती बोलण्यात भरून काढायची.

आणि इथं माझी खरी परीक्षा सुरू झाली.

पहिल्या रात्री चौथ्या गाण्याआधी ती थांबली. गिटारच्या तारेवरून बोट फिरवलं, खाली पाहिलं आणि म्हणाली, "खरं सांगू? हे गाणं आज गावं की नाही, माझं ठरत नव्हतं." हॉल चिडीचूप. माझ्याही घशात आवंढा आला. मामाच ना शेवटी.

दुसऱ्या रात्री, दुसऱ्या गावात, ती चौथ्या गाण्याआधी थांबली. तारेवरून बोट फिरवलं. "खरं सांगू?"

तिसऱ्या रात्री मी मंचापाशी जाऊन तिच्या पायाशी टेपनं चिकटवलेला कागद वाचून आलो. चौथ्या क्रमांकावर ते गाणं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि पुढं कंसात 'बोलणं'. लाइटवालीला विचारलं, तर ती म्हणाली, 'ठरत नव्हतं' यातल्या 'नव्हतं'वर निळा दिवा यायचा असतो. पाचव्या रात्री मी टी-शर्टाच्या घड्या घालत ते अख्खं भाषण ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. समोरची मुलगी डोळे पुसत माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मी प्रार्थना करतोय.

गाडीत मी विषय काढला. "तू रोज तेच बोलतेस."

"मामा, तुला तेच वाटतं, कारण तू रोज येतोस. त्यांनी एकदाच तिकीट काढलंय."

चौतीस वर्षांत ऑडिटरलासुद्धा मी इतकं बिनतोड उत्तर देऊ शकलो नव्हतो.

स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्यांचा आणखी एक धोका घरच्यांना असतो. कच्चा माल घरातूनच जातो. सहाव्या गाण्यात एक 'दार आपटून बोलणारी' बाई आहे. सातव्या शोनंतर ताईचा फोन आला: "ती मीच ना रे?" मी म्हटलं, "छे गं, ते प्रतीक आहे." पलीकडे फोन आपटल्याचा आवाज आला. आठव्या गाण्यात 'सगळ्याची किंमत ठाऊक असलेला माणूस' येतो. तो कोण, हे मी विचारलेलं नाही. पण टी-शर्ट घ्यायला आलेल्या एका मुलानं माझ्याकडे निरखून पाहिलं, किंमत विचारली, आणि मी ती न बघता सांगितल्यावर गोड हसून म्हणाला, "तुम्हीच का ते?"

तोवर माझ्या कानात फोमची बोंडं होती. लहरीखातर नव्हे, हिशेब करून. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसतो, असं धरतात. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरपर्यंत गेलं की उरतात पंधरा मिनिटं. म्हणजे आमच्या आधी गाणाऱ्या पोरांच्या चौथ्या गाण्यालाच माझा त्या दिवसाचा कोटा संपत होता. पण बोंडांचं एक आहे, ती बारीक, टोकदार आवाज आधी खातात. परिणामी 'एल' आणि 'एक्सएल' यांतला मधला जो 'क्स', तो माझ्यापर्यंत पोचेना. सगळेच 'एल' मागताहेत असं समजून मी एका धिप्पाड गृहस्थाला असा शर्ट दिला की त्यानं तो तिथंच चढवला आणि मग निघेना. शेवटी ड्रमवाल्यानं ओढून काढला. आतून तो गृहस्थ "फार छान गाते ती" असं काहीतरी म्हणत होता.

एन्कोरबद्दलही सांगायला हवं. एन्कोर म्हणजे आपला 'वन्स मोअर', फक्त आधीच छापलेला. शेवटचं गाणं झालं की भाची "गुड नाइट!" म्हणून आत जाते; लोक ओरडतात; ती भारावून परत येते. कागदावर त्या दोन गाण्यांना वेळही दिलेली असते. व्हिएन्नात १७८६ साली मोझार्टच्या एका ऑपेरात वन्स मोअर इतके झाले की सम्राट जोसेफ दुसरा यानं फर्मान काढलं: एकाहून अधिक आवाजांचं गाणं पुन्हा घ्यायचं नाही. एकट्याच्या गाण्याला मात्र सूट. म्हणजे सोलोवाल्यांचे लाड तेव्हापासूनचेच.

नवव्या गावातले लोक शिस्तीचे निघाले. तिनं "गुड नाइट" म्हटलं आणि त्यांनी ते खरं धरलं. टाळ्या वाजवल्या, कोट उचलले आणि निघाले. पडद्याच्या फटीतून मला भाचीचा पांढराफटक चेहरा दिसला. मॅनेजर माझ्याकडे बघून हातवारे करत होती. मला काही ऐकू येत नव्हतं, पण कळलं. मी टेबलामागून ताकद लावून ओरडलो, "वन्स मोअर!"

कानात बोंडं असली की आपला आवाज केवढा लागलाय याचा अंदाज येत नाही. दाराशी पोचलेली माणसं दचकून वळली. एक आजी खाली बसल्या. भाची धावत मंचावर आली आणि गहिवरून म्हणाली, "तुम्ही इतकं प्रेमानं बोलावलंत, की..." कागदावर तेच लिहिलेलं होतं.

शेवटचा शो. हॉल भरलेला, तीनशेच्या वर गाद्या, आवाज कसा नीट मुरत होता. आणि मर्चच्या टेबलामागे खुर्ची. पाठ असलेली, वर उशीसुद्धा. अकरा हॉलांनी न वाचलेला करार बाराव्यानं वाचला होता! मी प्लग मोजायला सांगितले. एक जास्तच निघाला. मी बसलो. टेकलो. डोळे मिटले. अठरा दिवसांची कंबर एकेका मणक्यानं खाली येत होती, तेवढ्यात मॅनेजर धावत आली. चौथ्या गाण्याला भाची ज्या स्टुलावर बसते त्याचा पाय निखळला होता.

खुर्ची मंचावर गेली. भाची तिच्यावर बसली, गिटार मांडीवर घेतली, तारेवरून बोट फिरवलं. "खरं सांगू?" ती म्हणाली, आणि थांबली. "ही खुर्ची माझ्या मामाची आहे."

कागदावर हे नव्हतं. लाइटवाली गोंधळली, निळ्याऐवजी पिवळा दिवा आला, तोही माझ्यावर. तीनशे माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मी एका हातात 'एल' आणि एका हातात 'एक्सएल' घेऊन उभा. त्या रात्री सगळा माल संपला.

कालच पुढच्या टूरचा रायडर आला. त्यात लिहिलंय: पाठ असलेली जुनी लाकडी खुर्ची एक, मंचाच्या मधोमध. चौथ्या गाण्याच्या पुढं कंसात 'मामाची खुर्ची: बोलणं'. आणि मर्चच्या टेबलासाठी एक स्टूल.