मोज्यांतली चांदी आणि टाकीतले जिवाणू

काल मुलासाठी मोजे घ्यायला गेलो होतो. पाकिटावर ठळक अक्षरांत 'नॅनो सिल्व्हर', म्हणजे वास आणणारे जिवाणू मारायला घातलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. दुकानदार म्हणाला, "घ्या साहेब, अजिबात वास येत नाही." मी ते परत ठेवले. घरी आल्यावर बायकोनं कारण विचारलं, तिला सांगितलं तेच इथे लिहितोय.

चार वर्षं आमच्या सोसायटीच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं काम माझ्याकडे आहे. ब्लोअरनं हवा सोडली की टाकीत तपकिरी गाळ घुसळत राहतो. हा गाळ म्हणजे जिवाणूंची वस्ती. आपलं सांडपाणी तीच खाऊन साफ करते. रोज सकाळी टाकीतलं लिटरभर पाणी मापनळीत अर्धा तास ठेवायचं. गाळ खाली बसून वर नितळ पाणी राहिलं की वस्ती धडधाकट. हवा सोडून अशा गाळानं सांडपाणी साफ करण्याची ही पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडली, ती आजही जगभर चालते.

या वस्तीत सगळ्यात नाजूक असतात अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू. ई. कोलायला पोषक वातावरण मिळालं तर तो २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी ड्रेनेजमध्ये ॲसिड ओतलं. बाकीचा गाळ आठवड्यात सावरला, पण अमोनिया ताळ्यावर यायला दीड महिना गेला. तेव्हापासून मला या जिवाणूंची फार काळजी वाटते.

मोज्यांतली चांदी मोज्यांत राहत नाही. २००८ साली अरिझोनातल्या संशोधकांनी बाजारातले मोजे पाण्यात धुऊन पाहिले, तर काहींची जवळपास सगळी चांदी थोड्याच धुण्यांत निघून गेली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात लिटरला १ मिलिग्रॅम नॅनो चांदीनं या जिवाणूंचं काम ८६ टक्क्यांनी घटलं. तेवढ्याच चांदीच्या आयनांनी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या चांदीनं, ४२ टक्क्यांनी. नॅनो चांदीचा कण जितका बारीक तितका तो पेशीला जास्त जाचतो.

खऱ्या सांडपाण्यात चांदी यापेक्षा कितीतरी कमी असते, हेही सांगायला हवं. शिवाय तिथल्या गंधकाशी तिची गाठ पडते आणि सिल्व्हर सल्फाइड होतं. देव्हाऱ्यातली चांदीची भांडी काळी पडतात ना, तेच. ते फारसं विरघळत नाही आणि बहुतेक गाळात जाऊन बसतं. त्यामुळे उद्या एसटीपी बंद पडेल, असं मी म्हणत नाही. पण तो गाळ आपण बागेत टाकतो. शिवाय चांदी एकटी नाही, सनस्क्रीनमधला झिंक ऑक्साइडही त्याच नाल्यानं येतो. आणि किती चांदी घातलीय, हे त्या पाकिटावर मला कुठेच सापडलं नाही. ते छापणं सक्तीचं हवं, असं माझं ठाम मत आहे. जखमेच्या पट्टीत चांदी असावी, तिथे तिचं काम आहे. शाळेच्या मोज्यांना साबण आणि ऊन पुरतं.

आमच्या सोसायटीतल्या कुणाला हे बघायचं असेल तर रविवारी सकाळी सातला टाकीपाशी या. मुलांनाही आणा. मापनळी भरून ठेवतो, गाळ बसताना दाखवतो.