पश्चिमेची खिडकी आणि दोन सूत

मराठवाड्यात घर बांधताना माणूस वास्तू बघतो, रस्ता बघतो, बोअरला पाणी लागेल का ते बघतो. पश्चिमेला खिडकी येतेय, हे मात्र त्याला पहिल्या एप्रिलमध्ये कळतं. मग दुपारी तीनला सूर्यनारायण न बोलावलेल्या पाहुण्यासारखे बैठकीत येऊन बसतात आणि दिवेलागणीपर्यंत उठत नाहीत. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा 42-43 ला सहज टेकतो, तेव्हा ही बडदास्त महागात पडते.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे पडदा. लावला तर घुसमट, सरकवला तर भट्टी. त्यात कूलर चालू असला की पडदा फुगतो आणि गजांतून अर्धा बाहेर जाऊन गल्लीची हवा खातो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तेवढीच दुसरीकडून बाहेर पडली नाही तर खोलीत दमटपणा साठतो, अंग चिकचिकतं आणि शिव्या कूलरवाल्या दुकानदाराला बसतात. म्हणजे पश्चिमेची खिडकी उघडीही हवी आणि बंदही. एवढा दुटप्पीपणा खिडकीला आतून बसवलेल्या, आडव्या फिरत्या पट्ट्यांच्या झडपेलाच (लूव्हर शटरला) जमतो.

पट्टीची खोलीकडची कड वर आणि काचेकडची खाली ठेवायची. उतरतं ऊन पट्टीवर आपटतं, उजेड छताकडं जातो, हवा फटींतून निघून जाते. रस्त्यावरून "काय करलालाव?" म्हणत डोकावणाऱ्या काकूंना आपला फक्त पंखा दिसतो. पट्टी उलटी ठेवली तर ऊन तिच्या उताराला धरून थेट सतरंजीवर, आणि वर "झडपेनं काही फरक पडत नाही बुवा" हे मत तयार. पाचनंतर ऊन आडवं झालं की मात्र पट्ट्या पुऱ्या मिटाव्यात. रंग पांढराच घ्या. काचेच्या आत शिरलेली उष्णता घरातलीच झाली. पांढरी पट्टी त्यातलं थोडं ऊन काचेतून माघारी धाडते, गडद पॉलिश ते पिऊन खोलीतच सोडते. बाहेरची हिरवी जाळी यापेक्षा जास्त ऊन अडवते. ती असेल तर काढू नका.

आता मिस्त्री. तो टेप एकदाच लावतो, "चार बाय चार" म्हणतो आणि चहाची वाट बघतो. चहा द्या, पण माप पुन्हा घ्यायला लावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते; वरचं घर तिच्याबरोबर थोडं हलतंच आणि खिडकी गुण्यात (काटकोनात) राहत नाही. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडं, मध्ये आणि उजवीकडं. शिवाय दोन्ही कर्ण. सगळ्यांत लहान आकडा धरून प्रत्येक बाजूला एक सूत, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, सोडायचं. कर्णांत तीन-चार सुतांचा फरक निघाला तर झडप खिडकीच्या आत कोंबण्याचा नाद सोडा, भिंतीवर वेगळी चौकट मारून घ्या. "दोन सुताचं काय घेऊन बसलात, रंधा मारून बसवतो की," असं मिस्त्री म्हणणारच. रंध्यानं लाकूड कमी होतं. जिथं फट आहे तिथं रंधा काय करणार?

खिडकीच्या चौकटीची आतली खोलीही मोजा. 63 मिलिमीटरची पट्टी आडवी उघडली की झडपेच्या जाडीबाहेर दोन्हीकडं पावणेदोन-दोन सेंटिमीटर डोकावते. मागं स्लायडिंगची कडी असली की ती तिथंच अडकते. चार फुटी खिडकीला दोन-दोन फुटांची दोन पानं बरी. पीव्हीसीची पट्टी फार लांब केली तर मध्ये झोल पडतो. भिंतीला भोक 8 मिलिमीटरचं, गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी) तेवढीच, आणि स्क्रू गिलावा ओलांडून विटेत गेला पाहिजे. गिलाव्यातच थांबला तर झडप आठवडाभर छान दिसते. कूलरच्या शेजारी प्लाय किंवा एमडीएफ नको, दमटपणानं फुगतं. बिजागऱ्या आणि स्क्रूही स्टेनलेस स्टीलचेच. आणि पानं आत उघडणार, तेव्हा खिडकीतला संसार हलवावा लागेल: औषधं, चार्जर, कंगवा, लग्नपत्रिकांचा गठ्ठा. घरात खरं भांडण इथं होतं, खर्चावरून नाही.

पडदे धुण्याचं पाणी वाचतं, हा फायदा पुण्या-मुंबईकडं कुणी मोजणार नाही. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरला तो समजावून सांगावा लागत नाही. पट्ट्या मिटून कोरड्या फडक्यानं एक बाजू पुसायची, मग उलट्या फिरवून दुसरी. ओलं फडकं आधी लावलं तर धुळीचा चिखल होतो.

पट्ट्या आपल्या वजनानं आपोआप मिटायला लागल्या की झडप बिघडली म्हणून ओरडू नका. बऱ्याच झडपांच्या पानाच्या उभ्या चौकटीत कडेला एक स्क्रू असतो, तो अर्धा फेरा आवळायचा. लाकडी झडप जुलैत फुगून अडकली तर मात्र स्क्रूला आणि रंध्याला हात लावू नका. दिवाळीनंतर लाकूड आपसूक आकसतं. जुलैत रंधा मारलेला असेल तर तेव्हा बोटभर फट पडते, आणि काकूंना पंख्याखालचं सगळंच दिसू लागतं.