वायरीचं म्हणाल तर, दादा… रावेरहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

घरच्या इंटरनेटसाठी काय घ्यावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेलं परवा रात्रीच वाचलं. लगेच उत्तर दिलं नाही. तुमच्या म्हणण्यातलं काही खरं आहे, आणि ते नीट बघून मगच लिहावं असं वाटलं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते: "ताई, जळगावात बसून खेड्याचं लिहू नका. लोकल केबलवाल्याच्या फायबरला तुम्ही पहिला नंबर दिला, ही सरळ जाहिरात झाली. आमच्याकडे एअरफायबर एका दिवसात लागतं, ना खांब ना वायर, शंभरचा स्पीड मिळतो. आणि बीएसएनएलवर अर्धं पान कशाला घालवलं?"

जाहिरातीचं आधी सांगून टाकते. मला कोणी एक रुपया दिलेला नाही. घरचं बिल मी दर महिन्याला पूर्ण भरते.

आता जळगावात बसण्याचं. माझं माहेर यावल तालुक्यातलं. भाऊ तिथंच राहतो, केळी करतो. मागे जुनं धाब्याचं (मातीच्या छताचं) घर, पुढे स्लॅबच्या दोन खोल्या. भाची पुण्याच्या एका कंपनीचं काम त्याच घरातून करते. लॉकडाऊनपासून आजवर त्या घरात वायरीचं इंटरनेट आलं, ते काढून वायरलेस आलं, आणि पुन्हा वायर आली. तिन्ही वेळा फॉर्म मी भरले, तक्रारीही मीच केल्या. पण लेखात यातलं काहीच आलं नव्हतं. त्यामुळे तो तुम्हाला शहरातला वाटला, तर चूक माझी आहे.

फायबरला, म्हणजे काचेच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटला, पहिला नंबर दिला तो स्पीडकडे बघून नाही दिला, तुटल्यावर ते किती तासांत जुळतं हे बघून दिला. हे तिथंच स्पष्ट लिहायला हवं होतं, ते आता लिहिते.

भावाने वायरलेस कनेक्शन, म्हणजे तुमच्या एअरफायबरसारखंच टॉवरवरून ५जीने येणारं इंटरनेट, घेतलं ते फेब्रुवारीत. तुम्ही म्हणता तसंच, सकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी गच्चीवर पांढरं युनिट बसलं. स्पीड बघितला तर ८५-९० एमबीपीएस. घरात सगळे खूश. अंगणात निंबाचं मोठं झाड आहे, टॉवर त्याच्या बरोबर पलीकडे. फेब्रुवारीत निंबाची पानं गळालेली असतात, तुम्हाला माहीतच आहे. मार्च संपताना झाड पालवीने भरलं आणि स्पीड घसरायला लागला. दिवसा ४०, रात्री आठ ते दहा कधी १२, कधी ६. ५जीच्या लहरींना पानांचा पडदा चालत नाही, पावसानंतरचा ओला तर त्याहून नाही. शिवाय संध्याकाळी गावातले सगळे मोबाइल त्याच टॉवरवर असतात.

याचा दोष मी तंत्राला देत नाही. पुढे जे झालं ते महत्त्वाचं. तक्रार केली, नंबर मिळाला. दोन दिवसांनी मेसेज आला की तक्रार सोडवली. कोणी आलंच नव्हतं. पुन्हा तक्रार, पुन्हा तोच मेसेज. भाची लॅपटॉप घेऊन भुसावळला मावशीकडे जाऊन राहिली, कारण मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटत होता. माणूस नवव्या दिवशी आला. त्याने युनिट कठड्यावर सहा फूट डावीकडे सरकवलं आणि काम झालं. दहा मिनिटांचं काम. त्याच्याकडे तीन तालुके होते आणि तो एकटाच होता, त्या पोराला तरी काय बोलणार!

आता वायरीचं. भावाने पुन्हा फायबर घेतल्यावर पुढच्याच मेअखेर वळवाचं वादळ आलं. शिवारातली केळी आडवी झाली, विजेचे चार खांब पडले आणि त्यांच्यावरून आलेली फायबरही गेली. राउटरवरचा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लागला. लाइट तिसऱ्या दिवशी आली. इंटरनेट मात्र त्याच संध्याकाळी आलं, राउटर इन्व्हर्टरवर होता म्हणून. केबलवाल्याचा पोऱ्या शेजारच्याच गावचा. मोटरसायकलवर वायरचं भेंडोळं घेऊन आला, "वायर तुटी गई भाऊ, दिसी राह्यनं" म्हणाला आणि खांबांची वाट न बघता झाडांवरून तात्पुरती वायर ओढली.

मी तेव्हा माहेरीच होते, त्याचं काम शेजारी बसून बघितलं. ओट्यावर गोणपाट टाकून तो बसला. वरचं काळं आवरण सोललं की आत काचेची तार निघते, केसासारखी. ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, हातातल्या कटरने टोक सरळ कापलं आणि दोन्ही टोकं मशीनच्या झाकणाखाली ठेवली. छोट्या पडद्यावर ती मोठी होऊन समोरासमोर दिसतात, एक ठिणगी पडते आणि दोन तारांची एक होते. पडद्यावर आकडा आला ०.०२ डीबी (प्रकाश किती घटला ते मोजायचं माप). त्या जोडात प्रकाश जवळजवळ हरवलाच नाही, असा त्याचा अर्थ. मग घरातल्या टोकाला किती प्रकाश पोचतो ते मोजणारा मीटर लावला, उणे २१ आलं.

हा आकडा प्रत्येकाने विचारून घ्यावा असा आहे. तीन डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा होतो. घरच्या फायबरच्या डब्याला साधारण उणे २७ पर्यंत ऐकू येतं, त्याच्या खाली गेलं की कनेक्शन अडखळतं आणि मग तुटतं. वादळाच्या आधी आमच्याकडे उणे २७ च येत होतं, म्हणून नेट अधूनमधून जायचं आणि आम्ही राउटर बंद-चालू करत बसायचो. कारण त्याच दिवशी सापडलं: हिरव्या कनेक्टरच्या जागी आधी कोणीतरी निळा बसवला होता. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे दोन्ही एकमेकांना नीट टेकत नाहीत. पोऱ्याने तोही बदलून दिला.

तर दादा, माझ्या मनात ही दोन चित्रं होती. एकीकडे नऊ दिवस, दुसरीकडे पाच तास.

पण सगळीकडे असं नसतं, आणि इथं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. काही लोकल ऑपरेटर वरून थोडी बँडविड्थ (इंटरनेटची क्षमता) घेतात आणि खाली खूप घरांना वाटतात. फायबरमध्येही वाटणी असतेच. एका तारेवरून साधारण २.५ जीबीपीएस, म्हणजे २५०० एमबीपीएस, येतं आणि ते ३२ किंवा ६४ घरांत विभागलं जातं. ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण जोर लावला तरी प्रत्येकाला ७८ एमबीपीएस उरतं, तिथं अडत नाही. अडतं ते ऑपरेटर वरून जेवढं घेतो त्या टप्प्यावर, आणि ते बिलावर कुठंच लिहिलेलं नसतं. वायर रस्त्यावरून सैल लोंबत असेल तर दिवाळीनंतर कापसाच्या उंच भरलेल्या गाड्या ती ओढून नेतात. महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तुटल्याचं धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत ज्याला विचाराल तो सांगेल. म्हणून वायर घेण्याआधी शेजारच्या दोन घरांना एकच विचारा: मागच्या वेळी बंद पडलं तेव्हा किती दिवस बंद होतं? तुमच्या गावात याचं उत्तर एअरफायबरच्या बाजूने येत असेल, माणूस लवकर येत असेल आणि टॉवर मोकळा दिसत असेल, तर तुम्ही घेतलंत ते बरोबरच आहे.

शेतातल्या घरांना, सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांना, भाड्याने राहणाऱ्यांना आणि बदलीच्या नोकरीवाल्यांना वायरलेसच सोयीचं, हे लेखात राहून गेलं. नंदुरबारच्या अक्राणी, अक्कलकुव्याकडे तर डोंगरामागे टॉवर दिसतो की नाही इथूनच प्रश्न सुरू होतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आज कनेक्शन घेताना आपण तेच आधार दाखवतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या कितीतरी पाड्यांवर ते दाखवून घ्यावं असं कनेक्शनच नाही. याची मला मनापासून टोचणी लागते.

तुमचा शंभरचा स्पीड. तो किती वाजता मोजलात? दुपारी तीनला मोजलेला आकडा मी धरत नाही. रात्री साडेआठ-नऊला, राउटरच्या जवळ उभं राहून, तीन दिवस मोजा. अपलोड वेगळा लिहा. भाचीच्या कामाला डाउनलोडपेक्षा अपलोड जास्त लागतो, कारण समोरच्याला तिचा चेहरा आणि आवाज त्यावरून जातो. आणि एक गैरसमज, जो मला रोज भेटतो: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीची फाइल नव्हे. आठाने भागायचं, साडेबारा एमबी. सरकारी व्याख्येत तर २ एमबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँड, जानेवारी २०२३ पासून हाच किमान आकडा आहे. पाच माणसांच्या घराला स्थिर ३० पुरतात, हे मी अनुभवाने सांगते.

पैशाचा हिशोब तुम्ही केला नव्हता, तो करू. जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये एअरफायबर आणलं तेव्हा ३० एमबीपीएस ५९९ ला होतं. त्याच कंपनीचं वायरीचं ३० एमबीपीएस ३९९ ला. वर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे ७०७ आणि ४७१. वर्षाला २८३२ रुपयांचा फरक पडतो. ५९९ मध्ये टीव्हीचे चॅनल आणि ओटीटी येत होते, ३९९ मध्ये नव्हते. ते तुम्ही बघत असाल तर पैसे वसूल, नसाल तर नाहीत. दर बदलत राहतात, पण हिशोब करायची रीत हीच.

डेटाची मर्यादाही बघा. तेव्हा जिओच्या एअरफायबरला महिन्याला १ टीबी (म्हणजे १००० जीबी) होता, वायरीला ३.३ टीबी, असा तो फरक. एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी खातो, त्यामुळे टीव्हीला १ टीबी भरपूर होतो. पण केळीच्या पॅकहाउसवर कॅमेरा बसवून त्याचं चित्र चोवीस तास क्लाउडवर पाठवायचं ठरवलंत, तर २ एमबीपीएसचा एक कॅमेराच महिन्याला साडेसहाशे जीबी घेतो. दोन कॅमेऱ्यांत मर्यादा संपली. रेकॉर्डिंग डीव्हीआरमध्ये, म्हणजे जागेवरच्या रेकॉर्डिंगच्या डब्यात, ठेवा आणि फक्त बघताना नेट वापरा.

बीएसएनएलवर अर्धं पान का, तेही सांगते. गावापर्यंत सरकारी फायबर आणायचं काम २०११ मध्ये मंजूर झालं, तेच पुढे भारतनेट. ग्रामपंचायतीपर्यंत तार आली तरी पुढे घराघरांत कोणी नेली नाही, म्हणून आपल्याकडे त्याचं नाव निघालं की लोक तोंड फिरवतात. पण ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर केले आणि काम बीएसएनएलकडे दिलं. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आधीची तार एका गावाहून पुढच्या गावाला, अशी सरळ रेषेत होती. मध्ये एक जेसीबी लागला की पुढची सगळी गावं बंद. आता ती रिंगमध्ये जोडायची आहे, एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने सिग्नल येईल. तुमच्या ग्रामपंचायतीपर्यंत हे काम आलंय का, ते ग्रामसेवकांना विचारा. आलं असेल तर घरापर्यंतची वायर बहुधा तिथलाच एखादा स्थानिक भागीदार ओढून देतो, आणि मग दुरुस्तीला माणूसही जवळचा मिळतो.

धाब्याच्या घराचं राहिलं. मातीच्या दोन-दोन फुटी भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा वायफाय जात नाही. आमच्याकडे पुढच्या खोलीत ९० आणि मागच्या माजघरात २ असं व्हायचं, आणि सगळे कंपनीला दोष द्यायचे. पुढून मागे चाळीस फूट नेटवर्कची वायर नेऊन तिथं दुसरा राउटर लावला, प्रश्न मिटला. तेवढं नको असेल तर मागच्या खोलीत फोन राउटरच्या दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर जोडा, स्पीड कमी मिळतो पण टिकतो. आणि राउटर पत्र्याखाली ठेवू नका. बहुतेक राउटर ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात, आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असतात.

आमच्यासारखी परस्पर बंद केलेली तक्रार कोणाची असेल तर एवढं करा: तक्रारीचा नंबर जपून ठेवा आणि त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, त्याला फी लागत नाही. ग्राहक आयोगातही जाता येतं, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. आम्ही अपील केलं आणि माणूस आला तो त्यानंतरच.

लेखात आजच तीन दुरुस्त्या केल्या आहेत. वायरलेस कोणाला सोयीचं ते वर घेतलं, जीएसटीसकट दर टाकले आणि "पहिला नंबर" हे शब्द काढून "दुरुस्तीला माणूस जवळ असेल तर" असं लिहिलं. तुमच्याकडून एक हवं आहे. तीन रात्री नऊ वाजता मोजून डाउनलोड, अपलोड आणि गच्चीवरून टॉवरकडे काय दिसतं ते कळवा. रावेरकडचा एकही आकडा माझ्याकडे नाही, तुमचा आला की लेखात गावाच्या नावासकट घालते.